जोडी पुरी

श्री

मिती आश्विन शुद्ध प्रतिपदा, शके १७८६
मुक्काम अमरावती

गंगाभागीरथी गोदाबाई, मुक्काम हिवरखेड, यांचे पायाशी
........ तानू हिचा दंडवत.

तुमच्या कृपेनं इकडं सगळं ठीक आहे. तुमची खुशाली कळवत जावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमी काही कळवणार नाही, हे मले माहीत आहे.

वर माझ्या नावाआधी जागा मोकळी दिसंल. तिथं काय लिहावं ते मले सुचलंच नाही. सौभाग्यवती लिहावं, तर तुमच्या भावानं रुख्मिणी करून आणली. गंगाभागीरथी लिहावं, तर ते चांगले धडधाकट आहेत, देव त्याईले शंभर वर्षं ठेवो. तुमी सगळ्यांनी पळसाच्या पानाईची तानू करून नदीवर जाळली, म्हणजे खरं तर कैलासवासी लिहायले पाहिजे. पण कैलासवासी बाईचं पत्र आलं म्हटल्यावर आपला रामराव वाचायच्या आधीच वेशीपर्यंत पळंल. म्हणून जागा तशीच ठेवली.

रामराव, बापा, तूच वाचून राहिला असशील. तुझ्या मायले वाचता येत नाही अन् घरात दुसरं कोनी वाचणारं नाही. अक्षर बालबोध आहे, मोडी मले येत नाही. माहेरी रिद्धपूरच्या मठातल्या एका बाईनं लहानपणी शिकवलं तेवढंच. बोरू बी माणिकबाईच्या शेजाऱ्याचा मागून आणलेला आहे, फाटका लिहितो. हळू वाचजो. सध्या ओसरीवर बसून वाचलं तरी चालंल. मी सांगीन तवा आत जाजो.

मी अजूक माणिकबाईच्याच घरी आहे. माणिकबाई म्हणजे ती माळीण, जिचा राजापेठेकडं वांग्याचा अन् झेंडूचा मळा आहे. माघात मी तुमच्या वेशीवरून परत फिरली अन् चालत चालत अमरावतीले आली, तवा तिनंच मले विहिरीवर पाणी पाजलं. ‘कोनाची व तू?’ असं तिनं एकदा विचारलं, अन् मंग कधीच विचारलं नाही. आज घट बसले. पहाटेपासून आमी दोघी झेंडू तोडून राहिलो, अंबादेवीच्या वाटेवर पाय ठेवायले जागा नाही. माझी बोटं अजूक पिवळी आहेत, कागदाले डाग दिसले तर ते फुलाचे आहेत, हळदीचे समजू नोका.

दुपारून मी एका शेटच्या कापसाच्या वाड्यात जाते. कापसापायी लोक पिसाळले आहेत, बाई. ज्वारी पेरायची सोडून लोकाईनं अंगणात बी पऱ्हाटी लावली. कुठं तरी सात समुद्रापलीकडं लढाई सुरू आहे म्हणतात, तिथला कापूस येत नाही म्हणून आपल्या कापसाले भाव आला. परवा एका कास्तकारानं बैलाईच्या शिंगाईले चांदीच्या शेंब्या बसवून आणल्या, अन् बंडीत बसलेल्या त्याच्या बायकोच्या लुगड्याले ही अशी ठिगळं. म्या त्याले तोंडावर म्हटलं, ‘दादा, बैल सासरी चालला का नांदायले?’ वाड्यातल्या बाया हसून हसून कापसात लोळल्या. तो मात्र रागानं लाल झाला.

सरकी काढायच्या चरखीवर दोघी लागतात, एक दांडा फिरवते अन् एक कापूस लावते. मुकादम मले रोज म्हणतो, तानुबाई, चरखीवर बस, हात चांगला आहे तुझा. मी बसत नाही. मी एका कोपऱ्यात एकटी कापसातला काडीकचरा वेचत असते. काहून बसत नाही, ते पुढं येईल.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

पाच दिवसांमांग चंद्रभान बंडीवाला गावचा कापूस घेऊन आला अन् त्यानं तुमचे दोन निरोप सांगितले. पहिला असा का, मार्गशीर्षात तुमी माझ्या कौशल्येले घेऊन अंबादेवीच्या दर्शनाले येता. ‘तानूले म्हणा, देवळाच्या मांग उभी राहा. पोरीले पाहून घे. कोनी ओळखीचं नसलं तर घडीभर तिच्या हातात देईन.’ बाई, हे वाक्य म्या चंद्रभानाकडून चार वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळेले त्यानं हात जोडले. कौशल्या केवढी झाली म्हणून विचारलं तर त्यानं आधी कमरेपाशी हात धरला अन् मंग छातीपाशी. त्या मेल्याले एक पोरगी धड मोजता येत नाही. दोन वर्षांमांग मी तिले घरी सोडून वावरात गेली, तवा ती माझ्या कमरेच्या थोडी खाली होती, अंगावर गोवर होता अन् मले म्हणत होती का येताना बोरं आण. म्या दुसऱ्याच दिवशी पेठेतून तिच्यासाठी हिरवा खण घेतला. उशाशी ठेवते.

दुसरा निरोप त्यानं बैलाईले पाणी पाजता पाजता सांगितला. म्हणे कोनी एक गोसावी हिवरखेडले आला, त्यानं सातपुड्यातल्या एका पाड्यावर तुमच्या पोरीले, आपल्या जमुनेले, डोळ्यानं पाहिलं, ती तिथं शेरडं राखून राहिली, अन् दसऱ्याचं सोनं लुटलं का तुमी त्याच्यासंग डोंगरात चालल्या. एकट्या. रामरावाले बी नेणार नाही म्हणे, घरात एक तरी राहिला पाहिजे म्हणून.

बाई, जाऊ नोका.

काहून ते सांगायलेच हे पत्र आहे. रामराव, आता उठ. मायले मधघरात ने अन् दार लाव. रुख्मिणी असंल तर तिले पाण्याले पाठव, कौशल्येले बी तिच्यासंग दे. अन् बापा, मायचा हात धरून बस. तुले बी कोनी तरी धरायले पाहिजे होतं, पण तिथं दुसरं कोनी नाही.

माघात मी आली तवा वेशीबाहेर चिंचेखाली तुमी एकट्याच भेटायले आल्या. तुमच्या भावानं तोंड दाखवलं नाही. पळस जाळलेल्या बाईले घरात घेतलं तर घरातलं दुसरं माणूस जाते, असं भटानं सांगितलं म्हणे. तुमी भाकर खाली दगडावर ठेवली, माझ्या हातात नाही दिली. त्याचा मले राग नाही. तुमी एकच विचारलं, ‘माही जमुना कुठी आहे?’ अन् म्या म्हटलं, दुसऱ्याच दिवशी आमची ताटातूट झाली, मले काही माहीत नाही.

ते खोटं होतं. आमची एक दिवस बी ताटातूट झाली नाही. चौदा महिने तुमची पोरगी माझ्या अंगाले लागून होती.

पहिल्यापासून सांगते, नाही तर मले सांगता येणार नाही.

तो सीतादहीचा दिवस होता. तुमी त्या वर्षी गुडघ्यानं धरल्या होत्या, म्हणून पहिल्या वेचणीची पूजा माझ्यावर आली. संग जमुना अन् वेचणाऱ्या पाच बाया. आपल्या घरच्या रीतीनं त्या दिवशी गडी माणूस वावरात येत नाही. म्या कोपऱ्यात सात खडे मांडले, दहीभात वाहिला. मंग जमुना म्हणाली, ‘मामी, पाह्य न व, धूळ उडून राहिली. घोडे वाटतात.’ म्या मान वर करून पाहिलं. मोठी धूळ होती. अन् म्या म्हटलं, ‘खाली बस. कापसाच्या बंड्या असतील शेटच्या. पूजा अर्धी टाकून उठू नये.’

त्या वर्षी रोजच धूळ उडे, बाई. तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत बंडीमांग बंडी. धुळीले कोनी भीतच नव्हतं. ती बिचारी पोर माझं ऐकून पदर सावरून परत बसली. आमी पळालो असतो तर नाल्यात लपता आलं असतं, नाला पन्नास पावलं होता. हे माझं पहिलं पाप.

तुमी त्या लोकाईले दरोडेखोर म्हणता. दरोडेखोर माल घेते अन् जाते. हे अंगारवाले होते. त्याईचा एक म्होरक्या होता, त्याले सगळे धनी म्हणत. तो म्हणे का ज्या गावानं टोपीवाल्या सायबाचं राज्य मानलं, त्याईले कापूस विकला, ते गाव बाटलं. त्याचा कापूस जाळा, गडी मारा, बायका डोंगरात आणून कामानं अन् विस्तवानं शुद्ध करा. एक दिवस आभाळातून विस्तू पडंल अन् फक्त अंगारवाले वाचतील. हे सगळं तो इतकं शांत, हसून बोले. शिवी म्हणून देत नव्हता. त्याच्यातले अर्धे तर आपल्यासारखेच कास्तकाराचे पोरं होते, एक जण तर मले सांगे का त्याची माय आंबाडीची भाजी कशी करते. त्यानंच माझ्या मनगटावर निखारा ठेवला. तो डाग माणिकबाईले चुलीचा वाटते.

पहिल्या दिवशी घोड्यामांग पळवताना जमुनेच्या तळपायात बाभळीचा काटा गेला तो आरपार. म्या पदर फाडून तिचा पाय बांधला. तो भिजला, गळून पडला, अन् नदीच्या कपारीत तुमच्या लोकाईले सापडला. तुमी म्हटलं, लुगडं तानूचं, रक्त तानूचं, तानू मेली. अन् पळस जाळला. जमुनेचं काही सापडलं नाही म्हणून तिच्या नावानं तुमी रोज ताट वाढून ठेवता, चंद्रभानानं तेही सांगितलं. बाई, पदर माझा होता. रक्त तिचं होतं.

डोंगरात आमी वीस-बावीस बाया होतो. दळायचं, पाणी आणायचं, लाकडं फोडायची. बाकी जे होतं ते मी रामरावाच्या तोंडून तुमाले ऐकवणार नाही. एवढं सांगते का जमुनेवर येऊ नये म्हणून म्या जे करायचं ते केलं, सहा महिने तरी तिच्यापर्यंत काही येऊ दिलं नाही. पुढं नाही जमलं.

तरी ती हसे, बाई. बाराची पोर, माघात लग्न ठरलेलं, अन् ती त्या नरकात तुमची नक्कल करे. कमरेवर हात ठेवून, नाक फुगवून, ‘व तानू, दुधावर झाकण ठेवलं का व? मांजर काय तुह्या बापानं बांधलं?’ हुबेहूब तुमी. सगळ्या बाया तोंडात पदर कोंबून हसत. एकदा पहाऱ्यावरचा बी हसला.

आता जोडीचं सांगते. तिथं आमाले बेड्या नव्हत्या, दोर नव्हता. धनी म्हणे, दोर कशाले पाहिजे? त्यानं बायकाईच्या जोड्या लावल्या होत्या, बैलाईच्या लावतात तशा. एक पाण्याले गेली का दुसरीनं तळावर बसायचं. एक पळाली का दुसरीले कड्यावरून लोटायचं. रोज सकाळी अन् सांजेले पहारेकरी प्रत्येक जोडीपाशी येऊन विचारे, ‘जोडी पुरी?’ अन् दोघींनी संगच म्हणायचं, ‘पुरी.’ एकीचा आवाज कमी पडला तरी काठी. आमी गेल्यावर महिन्याभरातच एक बाई पळाली. तिच्या जोडीदारणीचं काय झालं ते आमाले सगळ्याईले उभं करून दाखवलं. हलगी वाजवत नेलं तिले. त्याच्यानंतर कोनी पळालं नाही.

माझी जोडी जमुनेसंग होती. म्या हात जोडून मागून घेतली होती, पोर माझ्यापाशी राहील म्हणून.

रामराव, थांबला असशील तर पुढं वाच. थांबू नोको, बापा, मले परत एवढं लिहिता येणार नाही.

मी इथं आल्यापासून हे पत्र दहा वेळा मनात लिहिलं. एका पत्रात जमुना मले म्हणते, मामी, तू जाय, कौशल्या लहान आहे, माही काळजी करू नोको. वाचून तुमी रडल्या असत्या अन् पोरीचा अभिमान बी वाटला असता. ते पत्र चांगलं होतं. दुसऱ्यात मी पाण्यावर जाते अन् तिथं पाय घसरून वाहत जाते, म्हणजे माझा दोष नाही. तिसऱ्यात जमुना तापानं आधीच गेलेली असते, माझ्या मांडीवर. तेही बरं होतं.

झालं ते असं. पौष महिना होता. तिचा पाय कधी नीट भरलाच नव्हता, त्या थंडीत परत चिघळला अन् तिले ताप भरला. दुपारची वेळ होती, बरेच गडी लुटीले गेले होते, तळावर चार-पाचच होते. ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून पडली होती, तशीच पडे ती रोज. म्या म्हटलं, पाणी आणते. ती म्हणाली, ‘मामी, लवकर येजो व.’ म्या म्हटलं, ‘येते व माय, ही आलीच.’ तिनं पदर सोडला नाही. ओढला तर फाटला, आधीच विरलेला होता. टोक तिच्या मुठीतच राहिलं.

पाण्यावर गेल्यावर मले सुचलं, असं लिहिणार होती. तेही खोटंच आहे. माझ्या कमरेले भाकर बांधलेली होती. सकाळपासून बांधलेली होती. दोघीत मिळून एक भाकर मिळे, बाई. त्याच्यातली अर्धी तिची होती.

घागर भरली, झऱ्यावर उभी ठेवली, लवंडू नये म्हणून बाजूले दगड लावला, अन् मी पळाली. सांजेच्या वेळेले मी एक घाट उतरून गेली होती. हलगी ऐकू आली नाही. म्हणून मी मनाले सांगत राहिली का तिच्या तापाकडं पाहून सोडलं असंल, लहान आहे म्हणून सोडलं असंल. चिंचेखाली तुमी विचारलं तवा मले खरंच माहीत नव्हतं, असं म्हणून मी सहा महिने जेवली अन् झोपली.

श्रावणात सायबाच्या पलटणीनं तो तळ उधळला. सात-आठ बाया सुटल्या, त्यातली पार्बताबाई अमरावतीच्या कचेरीत जबानी द्यायले आणली होती. तिले पोटाले पाहिजे म्हणून ती शेटच्या वाड्यात कामाले आली अन् माझ्यासमोर उभी राहिली. ती आमच्या बाजूच्या जोडीत होती. तिनं मले शिवी दिली नाही, काही नाही. बाजूले बसली, कापूस हातात घेतला अन् कचरा वेचता वेचता सगळं सांगितलं.

त्या दिवशी सांजेले पहारेकरी आला. ‘जोडी पुरी?’ जमुना उठून बसली अन् एकटीच म्हणाली, ‘पुरी. मामी पाण्यावर गेली, येऊन राहिली.’ त्यानं मारलं. तिनं तेच म्हटलं. झऱ्यावर जाऊन त्याईनं घागर आणली, तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, ‘पाह्य, भरून ठेवली. दुसरी भरायले गेली असंल.’ धनी म्हणे, सकाळपर्यंत वाट पाहू. सकाळी परत विचारलं. बाई, ती परत म्हणाली, ‘पुरी.’ पार्बताबाई सांगते का ती खोटं बोलून मले वाचवत नव्हती. तिले खरंच वाटत होतं का मामी येईल. कड्याकडं नेलं तवा बी ती मांग वळून झऱ्याच्या वाटेकडं पाहत होती. हलगी तवा वाजली, सकाळी. मी तोवर लांब गेली होती.

ती पौष वद्य तृतीया होती. पार्बताबाईनं अन् आणखी एकीनं खाली उतरून तिले दगडाईखाली ठेवलं, जनावर लागू नये असं. पदराचा तुकडा तिच्या हातातून निघाला नाही, तसाच ठेवला. जागा पार्बताबाईले माहीत आहे, पण तिथं कोनी जाऊ नये.

म्हणून म्हणते, तो गोसावी खोटा आहे. नुसता भाकरीसाठी खोटा असला तर बरा. पण पलटणीनं तळ उधळला तरी धनी निसटला, त्याच्यासंग अर्धे गडी बी निसटले, अन् आता त्याईले नव्या बाया पाहिजेत. ज्या बाईची पोरगी हरवली ती बाई कोनाच्याही मांग जाते, हे त्याईले पक्कं माहीत आहे. रामराव, मायले जाऊ देऊ नोको. पाय धर, दार लाव, आडवा पड. ऐकत नसंल तर हे पत्र परत वाचून दाखव, दिवसातून दोनदा वाच.

ताट वाढणं बंद करा, बाई. तीनशे साठ पानं तोडा अन् तिचा पळस जाळा. माझा जाळला होता तो तिच्या नावाले लागला असं समजून सोडू नोका, तिचा वेगळा करा. लग्न ठरलेली पोर होती, हळदीचं बोट लावा.

मी माफी मागत नाही. मागायची ती जमुनेपाशी, अन् ती तर अजूक माझी वाट पाहत असंल. तुमी विचाराल का परत तीच वेळ आली तर काय करशील. म्या हे मनाले शंभर वेळा विचारलं. माझी कौशल्या चार वर्षांची होती, अंगात गोवर होता, तिनं बोरं मागितली होती. मले वाटते मी परत पळाली असती. खरं सांगायले बसली म्हणून हे बी सांगते. एवढं करून मी तिच्यापर्यंत पोचली ती वेशीपर्यंतच.

मार्गशीर्षात कौशल्येले आणू नोका. तुमी आता आणणार नाहीच, तरी लिहिते, म्हणजे कबूल केलेलं मोडलं असं तुमाले वाटू नये. हे पत्र लिहिलं नसतं तर मले माझी पोर घडीभर हातात मिळाली असती. पण तुमी डोंगरात गेल्या असत्या अन् तिले मायेनं सांभाळणारं कोनी राहिलं नसतं. चार दिवस मी ह्याच विचारात बोरू हातात धरून बसली. खण पाठवत नाही. माझ्या हातचं तिच्या अंगावर तुमाले पाहवणार नाही. तिले माझं काही सांगू नोका, पळसाची माय आहे तीच राहू द्या. फक्त गोवराच्या वेळेले तिचे केस कापले होते, ते आले का नाही, एवढं चंद्रभानासंग कळवता आलं तर कळवा. नाही कळवलं तरी चालंल.

चंद्रभान कापूस विकून उद्या निघते. पाचव्या दिवशी हिवरखेडले पोचंल, म्हणजे दसऱ्याच्या आधी. त्याले म्या अंबादेवीची शपथ घातली का वाटेत कुठं थांबायचं नाही. तो म्हणाला, बैलाले तर थांबावं लागंल, तानुबाई. म्या म्हटलं, बैल थांबले तर तू चालत जा.

इथं सकाळी मळ्यात माणिकबाई मले हाक मारते, ‘तानू, उठली का व?’ अन् माझ्या तोंडातून अजूक ‘पुरी’ येते. तिले वाटते मी पुऱ्या मागते. दोनदा करून बी घातल्या बिचारीनं.

वर जागा मोकळी सोडली होती. रामराव, तिथं आता काही लिहू नोको. मी खाली लिहिते.

तुमची कोनी नाही अशी,
तुमच्या जमुनेची जोडीदारीण,
तानू